केतकी रंग

रजेवर जाईपर्यंत माझं काम एकच होतं, नेदरलँड्समधल्या लायडनच्या घरात बसून आफ्रिकेत, मालावीच्या खेड्यांतल्या नर्सना नापास करायचं. कोरोनामुळे विमानं बंद होती, म्हणून तिथल्या आरोग्य केंद्रांतली चित्रीकरणं यायची आणि बाळ-बाळंतिणीची तपासणी नीट होते का, याला मी गुण द्यायचे. बाळाला उघडं करून उजेडात पाहिलं नाही? शून्य. दारात बायकांची रांग असो, नर्स एकटी असो, शून्य म्हणजे शून्य. आमचा बॉस ऑनलाइन मीटिंगमध्ये कॉफी ढवळत म्हणायचा, "हात लावून बघायला असे कितीसे कष्ट पडतात?" मागे त्याचं स्वतःचं मूल रडत असायचं आणि हा ढिम्म.

मग मला मुलगा झाला. सासूबाई डिंकाचे लाडू बांधून नागपुरात अडकल्या. घरी येऊन बाळ-बाळंतिणीचं करणारी डच बाई एकदाच आली, मग तिला ताप भरला आणि बदली कुणी मिळेना. इथल्या सुईणीने सांगितलं, आता व्हिडिओवर बघू.

बाळ दूध पिईना. उठवलं तरी डोळे उघडेना. सुईणीने स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, "किती सुंदर रंग आहे! तुमच्याकडची बाळं अशीच असतात ना? झोपू दे त्याला. तुम्ही चहा घ्या."

चहा घे म्हणे!

तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "अगं, काय केतकी रंग घेतलाय पोरानं! आपल्या घरात एवढं उजळ कुणी नाही. केशर लागू पडलं बघ!" गरोदरपणात त्यांनी मला रोज दुधात केशर घ्यायला लावलं होतं. नवराही शेजारी खुलून हसत होता. मला तिघांच्याही कानफटात वाजवावीशी वाटली.

बाळाला खिडकीपाशी नेलं, सगळे कपडे काढले, छातीवर बोट दाबून उचललं. खाली हळदीसारखं पिवळं. पोटावर तसंच, मांड्यांवरही तसंच. सुईणीला फोन केला, तर म्हणे उद्या सकाळी बघू.

टाके ओढत होते तरी तिच्या दवाखान्यापर्यंत चालत गेले. नवरा बाबागाडी ढकलत मागून "अगं, पॅनिक नको होऊस" म्हणत होता. काचेच्या दारातून सुईणीने हातानेच खुणावलं, अपॉइंटमेंट नाही. मी तिथेच, वाऱ्यात, बाळाचं दुपटं सोडलं आणि त्याला काचेसमोर धरलं.

"हा आमचा रंग नाही!" मी ओरडले. "ही कावीळ आहे! मालावीत एखादीने असं केलं असतं ना, तर मी तिला शून्य दिलं असतं!"

तिने दार उघडलं. बाळाच्या छातीवर बोट दाबलं आणि तिचाच चेहरा उतरला. माफी मात्र मागितली नाही. अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. आणखी उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मला आत सोडलं, नवऱ्याला नाही. तो पार्किंगमधून मेसेज करत राहिला, मी फोन पालथा घातला. पुढे बाळ चुरूचुरू दूध ओढायला लागलं, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

घरी आलो आणि सासूबाईंना व्हिडिओवर नातू दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"अगं बाई, रंग गेला की गं त्याचा! चांगला सावळा दिसतोय."

"हो, आई," मी म्हटलं. "वाचलाय तो."