राणीचे हिरे

आमच्या रत्नागिरीच्या किल्ल्यावर एक गाईड असतो. मी रोज संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा दिसतो, पण नाव कधी विचारलं नाही. डोक्याला टॉवेल, हातात काठी आणि तोंडात थापा. किल्ला बहामनींच्या वेळचा, पुढे महाराजांनी घेतला. मी चौथी शिकलोय, पण एवढं बापानं सांगितलेलं पक्कं आहे. आता गावात हॉटेलं झाली, मुंबई-पुण्याची गर्दी येते, आणि हा त्यांना सांगतो, "राणीनं हिरे पुरले ते त्या भिंतीत!" की सगळे कडा सोडून भिंतीकडे धावतात.

एकदा मी त्याला अडवलं. "लाज नाय वाटत? कसली राणी नि कसले हिरे?"

तो हसला नाही. काठीनं खालचा समुद्र दाखवला. "आजोबा, पडाल म्हणून सांगितलं तर कोण ऐकत नाय. हिरे म्हटलं की वळतात."

"तरी खोटं ते खोटंच," मी म्हटलं. अजून म्हणतो.

काल तो आला नव्हता. एक नवी नवरी फोटोसाठी कड्याकडे मागे मागे सरत होती. नवरा मोबाईलमध्ये बघून "अजून थोडी" म्हणत होता.

"पोरी, थांब! पडशील!" मी ओरडलो.

"काही नाही होत, आजोबा," ती हसली आणि आणखी मागे सरली.

मी भिंतीकडे धावलो आणि ओरडलो, "अगो, राणीचे हिरे हायत या भिंतीत!"

दोघं धावत आली. "कुठली राणी, आजोबा?"

मी धापा टाकत खाली बसलो, आणि राणीचं नावसुद्धा सांगून टाकलं.