डाव्या खांद्यावरचा पिवळा डाग

गुनवोर चित्रं काढायला शिकली ती मासळीच्या खोक्यांच्या झाकणांवर, होडीला लावून उरलेल्या रंगानं. शिकवणारं कुणी नव्हतं. समोर आयडर बदकं होती आणि अंड्यांवर बसलेली मादी तासन् तास मान हलवत नाही. "असं गप बसणारं माणूस एक दाखवा," ती म्हणायची.

मग नॉर्वेतल्या तिच्या बेटावर मिंक शिरलं. मुंगसासारखं दिसणारं ते जनावर अंडी फस्त करायचं. बदकं यायची थांबली, त्यांच्या मऊ पिसांच्या आशेनं आज्यापणज्यांनी रचलेली दगडी घरटी ओस पडली. गुनवोर आठवणीतूनच बदकं रंगवत राहिली. त्यातलं एक चित्र दुकानात लागलं. रोज मीठमिरचीला येणारी माणसं ते बघून हळहळायची, आणि हळहळता हळहळता एका हिवाळ्यात सापळे घेऊन निघाली. मिंक संपलं.

या वसंतात एक मादी आली, घराजवळच्या घरट्यात अंड्यांवर बसली. एकच. ही टिकली तर पुढं तिच्या लेकीही इथंच अंडी घालणार. उठून गेली तर सगळं मुसळ केरात.

त्यामुळं घरात सगळं दबक्या पावलानं. हातोडा नाही, वाळत घातलेलं कापड नाही, आणि गुनवोरच्या अंगात रोज तोच डगला. बदक माणसाला कपड्यावरून ओळखतं, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं.

इडूनला ठाऊक नव्हतं. गुनवोरच्या धाकट्या भावानं, यार्लेनं, पन्नाशीत लग्न करून तिला नुकतंच शहरातून आणलं होतं.

"वन्सं, तुमचा डगला रंगानं ताठ होऊन एकटा उभा राहत होता," त्या सकाळी ती कौतुकानं म्हणाली. "दोनदा उकळला, तेव्हा कुठं कळलं की निळा आहे."

गुनवोरनं खिडकीतून पाहिलं. दोरीवर डगला बाह्या फडफडवत होता. घरट्यात मादी नव्हती. ती पार पाण्याच्या कडेला, आणि घरट्याच्या छपरावर काळ्या पाठीचा समुद्रपक्षी अंड्यांवर टपलेला.

"हिला सांगितलं नव्हतंस?" तिनं भावाला दबक्या आवाजात विचारलं.

"मला वाटलं, तू सांगशील."

"बायको तुझी, आणि सांगायचं मी?"

तिनं ओला डगला ओढून अंगात घातला. साबणाचा वास. ही कोण परकी बाई, असंच मादीला वाटणार. जुने डाग पुन्हा उठवायला ती रंगाच्या डब्यांकडं धावली आणि तिथं हात थांबला. जन्मभर दुसऱ्याचं पीस न् पीस टिपलं, स्वतःच्या पाठीकडं कधी बघितलं नव्हतं.

"सरका," इडून म्हणाली. तिनं सगळं ऐकलं होतं. "मला पाठ आहे. शिव्या घालत घासलाय मी. डाव्या खांद्यावर पिवळा डाग, मोठा. खाली तपकिरी ओघळ." तिनं कुंचला उचलला.

गुनवोर नेहमीच्या दगडावर जाऊन बसली. समुद्रपक्षी उडाला. मादीनं जाताना अंडी आपल्या मऊ पिसांनी झाकली होती, आशा तेवढीच.

बऱ्याच वेळानं मादी डुलत आली. थांबली. मान लांब करून डगला न्याहाळला. मग घरट्यात शिरली, पोट टेकलं, डोळे मिटले.

गुनवोरनं खांद्याला डोळे पुसले आणि गालाला पिवळा रंग लागला.

ती घरात आली तेव्हा इडून दाराआड उभी होती, अंगात लग्नातला फुलाफुलांचा झगा.

"मादीनं परतताना मला दारात यात बघितलं, वन्सं. आता?"

"आता पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत हाच घालायचा."

"गोठ्यातसुद्धा?"

"गोठ्यातसुद्धा," यार्ले म्हणाला. "शोभतोय."