मतदार यादीवरच्या लाल खुणा

मोजणीच्या दिवशी बाबा सकाळी पाचलाच तयार होऊन बसले होते. पार्टीने त्यांना मोजणी एजंट केलं होतं. गळ्यात पास, खिशात दोन पेनं आणि घडी केलेला कागद. मोबाइल आत नेता येत नाही म्हणून तो त्यांनी माझ्या हातात दिला.

भंडाऱ्याकडून तरुणपणी भिलाईत आलेले बाबा निवृत्त होईपर्यंत इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये होते. वैशाली नगरातल्या आमच्या बूथवर त्यांनी तीस वर्षं एकाच पार्टीचं काम केलं. ती पार्टी कोणती, ते सांगत नाही. त्या वर्षी ती हरली, एवढं पुरे.

हरणार हे मला घरी टीव्हीपुढे दहा वाजताच कळलं. छत्तीसगढच्या अकरा जागांचा नकाशा पडद्यावर एकाच रंगाने भरत चालला होता. आमच्या दुर्गच्या जागेवर तर सुरुवातीपासूनच फरक मोठा होता.

बाबा चारच्या सुमारास आले. जूनचं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला. दोन ग्लास पाणी प्यायले आणि म्हणाले, "आपला बूथबी गेला."

सीट जाणं त्यांना नवं नव्हतं. पण बूथ त्यांनी कधी जाऊ दिला नव्हता. त्यांनी कपाटातून मतदार यादी काढली. पक्क्या मतांपुढे लाल पेनाने खुणा केलेल्या होत्या. मोजणीत खिशातल्या कागदावर टिपलेला बूथचा आकडा यादीशेजारी ठेवून ते एकेका घरावर बोट ठेवत गेले. कोण फिरलं, ते शोधत होते.

मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या काकूंच्या घरावर बोट थांबलं. काकूंचे यजमान बाबांबरोबर मिलमध्ये होते. ते गेल्यावर काकूंच्या पेन्शनसाठी बाबांनी चार महिने ऑफिसात चकरा मारल्या होत्या.

"चार मतं हायेत तिच्या घरी," बाबा म्हणाले. "तोंडावर हो म्हणे. पण प्रचाराले गेलो त्या वक्ती मले नजर देत नव्हती. जाऊन इचारतोच."

ते उठून चपला घालू लागले.

"बाबा, कोणी कोणाले मत दिलं, ते तुमाले कसं कळन?"

"कळते. इतकी वर्षं हेच करून राहिलो."

उन्हात ते काकूंच्या दारात जाऊन उभे राहणार, काकू शिलाई मशीनवरून उठणार, आणि बाबा त्यांना विचारणार. माझ्या डोळ्यांसमोर ते आलं आणि मी बोलून गेले.

"त्यांचं मले माहीत नाही. माझं मत तुमच्याकडं नव्हतं."

एक चप्पल पायात, एक बाहेर, तसेच बाबा उभे राहिले.

"तुहं?"

"हाव."

"कावून?"

मी सांगितलं. मी शाळेत शिकवते. जे रोज बघते त्यातून आलेली माझी तीन कारणं होती. राजकारणावर बाबा कुणाला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीत. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग ओसरीतल्या खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता ते माझ्याशी बरेच दिवस बोलणार नाहीत.

"मले प्लांटात कामाले ज्यानं लावलं," ते म्हणाले, "तो आपल्या गावाकडचाच. युनियनच्या निवडणुकीत उभा होता. मी त्याले मत नाई देल्लं."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. "हरले का ते?"

"हरला. अन् मलेच येऊन म्हणे, तू होता म्हणून इतकी मतं तरी भेटली. मी हो म्हणून मान हालवली."

"मग कधी सांगितलं त्यांना?"

"नाई. तो मेला तरी नाई सांगितलं." मग म्हणाले, "तू सांगितलं तरी."

यादी मिटून त्यांनी कपाटात ठेवली. तरी काकूंकडे जायला निघालेच, तेव्हा मीही मागोमाग गेले.

काकूंनी दार उघडलं आणि बाबांना बघून त्यांचा चेहरा उतरला. "भाऊ, आज निकाल होता ना," असं म्हणून त्या थांबल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "भाऊ, मी तुमाले एक…"

"नको सांगू," बाबा म्हणाले. "मले ते नाई इचाराचं. मत द्याले इतक्या उन्हात रांगेत उभी राहिली, तेच सांगाले आलो. चहा ठेव."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि आत गेल्या. चहा झाला, त्यांच्या मशीनचा पट्टा सारखा निसटतो त्यावर बोलणं झालं, निवडणुकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी विजयी पार्टीचे फटाके फुटत होते. बाबा धूर जाईपर्यंत थांबले. मग मला म्हणाले, "तुह्या कारणांतलं ते दुसरं, ते मले नीट समजलं नाई. पुन्हा सांग."