रिकाम्या चौकटीतलं 'नाही'

मी अन् बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर परभणीच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून एक कप चहा दोन बशांत घेतला. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीची गोष्ट. दवाखान्यात नुकताच कम्प्युटर आला होता. ती म्हणाली, "दाखल करताना त्या कम्प्युटरवाल्या पोरीनं नवऱ्याचं नाव इचारलं. मी कसं घिऊ? बोट दाखवलं. ते काय, भाईर उभे हायत म्हणलं."

"मग तिनं बोट लिहून घेतलं का?"

दोघंबी लय हसलो. उठून खिडकीशी जावं, नाव सांगावं, हे मला सुचलं नाही. चहा गार झाला असता.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिला न्यायला खिडकीशी उभा राहिलो, तर ती पोरगी कम्प्युटरच्या पडद्याकडं बघत म्हणाली, "बाबा, इथं नवरा 'नाही' असं आलंय. माहेरच्या कुणाची तरी सही लागेल."

"मग मी कोण हाय?"

"चौकट रिकामी राहिली की मशीन आपोआप 'नाही' भरतं."

"तिनं नाव सांगितलं नाही, एवढंच. न सांगणं अन् नसणं एकच हाय का?"

"मी नाही भरलं, बाबा. प्रोग्राम करणाऱ्यानं मूळ साचाच तसा केलाय. साऱ्या चौकटी त्याच्यातनंच निघतात."

"मग त्या साच्यात 'इचारायचं राहिलं' असं घालायला त्याचा हात मोडला होता का? त्याची माय तरी नवऱ्याचं नाव घेत होती का?"

चाळीस वर्षं 'अहो'वर काढलेली बाई, अन् मशीननं तिला बिननवऱ्याची केली.

सेलूहून मेव्हणा आला. रडत रडत त्यानं सही केली. माझ्या बायकोला मी दुसऱ्याच्या सहीवर घरी नेलं. त्याच्यावर राग नाही. राग त्या चौकटीचा, अन् बशी हातात धरून बसून राहिलेल्या माझा.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी म्हणाली, "सुतकात कुठं निघाला?" मी ऐकलं नाही. पहिल्या एसटीनं परभणी गाठली.

"आता काय उपयोग, बाबा?" पोरगी म्हणाली.

"भर."

माझं नाव बापाच्या नावासकट सांगितलं. तिनं टाइप करून कागद काढून दिला. मला वाचता येतं ते सहीपुरतं. चौकटीवर बोट ठेवून एकेक अक्षर बघितलं, कागदाची घडी टोपीत घातली अन् परतीची एसटी धरली.