वेव्ह पूलमधले मासे

“तुमच्याकडे लोक पोहतात की नाही?” तहसील कचेरीतल्या साहेबांनी फोनवर विचारलं.

“पोहत नाहीत सर. उभे राहतात.”

“पाण्यात?”

“हो. मशीनने लाटा येतात, त्या लाटांमध्ये उभे राहतात.”

“मग तो स्विमिंग पूल नाही.”

“पण त्याचं नावच वेव्ह पूल आहे, सर.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “मॅडम, माझ्याकडच्या ऑर्डरमध्ये स्विमिंग पूल बंद आहेत आणि करमणुकीची ठिकाणं सुरू आहेत. तुमचं कशात बसतं ते तुम्ही लेखी कळवा.”

मी तेच विचारायला फोन केला होता. “थँक यू सर” म्हणून फोन ठेवला. त्या वेव्ह पूलमध्ये त्या घडीला वीत-दीड वीत लांबीचे मासे होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं.

मी शहाद्याजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये गेस्ट रिलेशन्स एक्झिक्युटिव्ह होते. गेटवर येणाऱ्यांचं हसून स्वागत करायचं, तक्रारी ऐकायच्या, चुकलेल्या मुलांचे आईबाप शोधायचे आणि माइकवरून सूचना द्यायच्या. माइक मला कधी जमला नाही. कोरोनात पार्क बंद झालं तेव्हा, खरं सांगायचं तर, पहिले काही दिवस मला माइक नाही याचं बरं वाटलं. नंतर कळेना की गेस्टच नाहीत तर मी नेमकी कोण आहे.

पार्कचे मालक गुजर समाजातले मोठे केळी बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणत. पार्क त्यांनी स्वतःच्या शेतात उभं केलं होतं, त्यामुळे स्लाइडवर चढलं की तिन्ही बाजूंना केळी दिसायची. लॉकडाउनमध्ये बाकीचा स्टाफ आपापल्या गावी गेला. कडक बंदी सैल झाल्यावर तिघे उरलो. पंप आणि लाटांचं मशीन बघणारे सलीमचाचा, लाइफगार्ड दिलवर, आणि मी, कारण माझं घर स्कूटीच्या अंतरावर होतं. दिलवर तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. त्याच्या गावाने बाहेरचं कोणी येऊ नये म्हणून रस्त्यावर दगड रचले होते. मग तो पुरुषांच्या चेंजिंग रूममध्येच राहू लागला.

आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. वेव्ह पूल बंद असला तरी रिकामा ठेवत नाहीत. इथल्या उन्हात कोरड्या टाइल्स तापून सुटतात, जोड फुटतात, आणि मग दुरुस्ती परवडत नाही. म्हणून आबांनी केळीच्या पाइपलाइनचं पाणी पूलमध्ये सोडून ठेवलं होतं. पण पाणी स्वच्छ ठेवायला रोज क्लोरीन लागतं आणि फिल्टर चालवावा लागतो. ते दोन्ही बंद होतं. पाणी आधी पोपटी झालं, मग गडद हिरवं. डास इतके झाले की आरोग्य केंद्रातला माणूस आला आणि त्याने गप्पी मासे आणून सोडले. हे मासे बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात आणि डासांच्या अळ्या खातात.

त्या दिवसापासून आबा संध्याकाळी येऊन पूलच्या काठावर बसू लागले. घरून कणकेच्या गोळ्या करून आणायचे आणि एकेक टाकायचे. माशांना खाऊ घालणं पुण्याचं, असं त्यांच्याकडे मानतात. आमच्या कॅन्टीनमध्ये अंडंसुद्धा चालत नसे.

“खातस का बेटा त्या?” ते मला विचारायचे. आबा आमच्याशी अहिराणीत बोलायचे. मला ती समजते, बोलता येत नाही, म्हणून मी मान हलवायचे.

पाऊस संपेपर्यंत मासे मोठे झाले. मला वाटलं, कणकेमुळे. आबांना मी तसं सांगितलंही, की गप्पींची तब्येत छान आहे. ते खूश झाले. सलीमचाचा मागे पाइप पुसत होते. त्यांना खोकला आला. त्या दिवसांत कोणी खोकलं की सगळे दूर सरकायचे, म्हणून मीही सरकले. तो खोकला नव्हता, हसू होतं, हे नंतर कळलं.

नवरात्रात एका दुपारी चेंजिंग रूमच्या मागे गेले, तर तीन विटांची चूल पेटलेली होती. तव्यावर मासा होता.

दिलवर उठून उभा राहिला. 

“हे पूलमधले आहेत?” मी विचारलं.

“हो मॅडम.”

“गप्पी?”

“नाही मॅडम. कटला, खायचा मासा. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या भोईकडून बादलीभर पिल्लं आणली होती. पावसाच्या तोंडाला सोडली.”

“का पण?”

तो तव्याकडे बघत म्हणाला, “गप्पी डास खातो. मी काय खाऊ?”

कॅन्टीन बंद झाल्यापासून तो काय जेवतो, हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं. पार्क गावापासून लांब, आणि गावात बाहेरच्या माणसाला तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभं करत नसत.

“आबांना कळलं तर?”

“काढतील,” तो म्हणाला. मग तव्यावरचा मासा उलटत, “तुम्ही खाता का मॅडम?”

मी नाही म्हणाले आणि ऑफिसात येऊन बसले. आबा रोज पुण्य म्हणून मासे वाढवत होते. दिलवर त्यातलेच भाजून खात होता. दोघांचंही मला पटत होतं, आणि दोघांनाही मी रोज गुड मॉर्निंग म्हणत होते. सांगावं तर दिलवर जाणार. न सांगावं तर आबांसमोर मान हलवताना कसंतरी व्हायचं. सलीमचाचांना विचारलं, तर ते म्हणाले, “मॅडम, मैं पंपवाला. पाणी कितना है वो पूछो.”

मी कोणालाच काही सांगितलं नाही. ठरवून नव्हे. रोज उद्या बघू म्हणत राहिले.

मग थंडीत पार्क उघडायची परवानगी आली, आणि गोंधळ खऱ्या अर्थाने सुरू झाला. ऑर्डरमध्ये आधी पूल नव्हता; तहसील कचेरीतला तो फोन तेव्हाचा. नंतरच्या ऑर्डरमध्ये होता, पण अटींसकट. पाणी बदलून तपासून घ्यायचं आणि ट्रेनिंग झालेला लाइफगार्ड हजर पाहिजे. तसा लाइफगार्ड आमच्याकडे एकच उरला होता. दिलवर.

आबांनी मला आणि सलीमचाचांना बोलावलं. “संक्रांतले उघडानं,” ते म्हणाले. “आते नई उघडनं, तर मंग माले हाई परवडाव नई. स्लाइडा काढी टाकसू आन् केळी लावसू.”

ते रागाने बोलत नव्हते. हिशोब झालेला माणूस बोलतो तसं बोलत होते. मला एकदम समोरचा लाल स्लाइड केळीच्या पानांत उभा दिसला.

“आबा, मग आधी वेव्ह पूल रिकामा करावा लागेल,” मी म्हणाले. “घासून, धुऊन, नवं पाणी भरून क्लोरीन टाकायचं.”

“आन् मासा?”

मी सलीमचाचांकडे बघितलं.

“क्लोरीनमा मरी जातीन त्या,” आबा म्हणाले. “पाणी सोडं तरी मरी जातीन. नई. माले ते पाप नको. पूल ऱ्हाऊ द्या. बाकीनं उघडा.”

पण बाकीचं म्हणजे दोन स्लाइड आणि एक कृत्रिम पाऊस. लोक धुळ्याहून, निझरहून येत ते लाटांसाठी. वेव्ह पूलशिवाय तिकीट काढून कोणी येणार नव्हतं. आबांनाही ते माहीत होतं. ते नुसते पूलकडे बघत बसले. मासे मरायला नको, केळी नको, पाप नको, पार्क हवं. मला काही सुचेना. घरी गेल्यावर आईने विचारलं, ऑफिसात काय चाललंय. मी म्हणाले, मासे आहेत. तिने पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिलवरच माझ्याकडे आला. “मॅडम, मासे तापीत सोडता येतील. ड्रममध्ये पाणी भरायचं, केळीची ट्रॉली घ्यायची. प्रकाशा जवळ आहे. मी धरतो.”

“पण आबा समोर उभे राहतील.”

“राहू द्या.”

“दिलवर, ते मासे बघतील. गप्पी असे असतात का?”

तो थोडा हसला. “आबांना गप्पी कुठे माहीत आहेत?”

मला वाटलं, खरं आहे. मलाही कुठे माहीत होते.

आबांना कल्पना लगेच पटली. प्रकाशाला तापीत मासे सोडायचे, म्हणजे उलट पुण्यच. सलीमचाचांनी पाणी हळूहळू केळीच्या पाटात सोडलं. लाटांचं मशीन ज्या भिंतीमागे असतं तिथे पूल सगळ्यात खोल असतो. उतरत्या पाण्याबरोबर मासे तिकडे गोळा झाले. गुडघाभर पाणी उरलं तेव्हा दिलवर जाळं घेऊन उतरला. लाइफगार्डचा लाल टी-शर्ट घातलेला. तो पाय उचलायचा तेव्हा पाण्याचा आवाज होत नव्हता. जाळं असं टाकायचा की बघणाऱ्याला कळावं, हा हात आज पहिल्यांदा टाकत नाहीये. मला वाटत होतं, जरा वाईट टाक.

मासे ड्रममध्ये गेले. आबा काठावरून वाकून बघत होते. शेवटचं जाळं वर आलं आणि दिलवर थांबला.

“इतलाच?” आबांनी विचारलं.

सलीमचाचा पाइप गुंडाळू लागले.

“मी रोज परातभर गोळ्या टाकू. बाकीना कथा ग्यात?”

बाकीचे मासे कुठे गेले, हे ज्याला माहीत होतं तो दिलवर पाण्यात उभा होता. जाळ्यातून पाणी ठिबकत होतं. तो तोंड उघडणार असं मला दिसलं, आणि तो खरं सांगणार हेही दिसलं. मी कधी न विचारता बोलत नाही. पण माझ्याच तोंडून आलं, “बगळे, आबा. बगळे येतात. खूप येतात.”

“हां, बगळा लोग तो बहोत,” सलीमचाचा म्हणाले. त्यांना पुन्हा खोकला आला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग दिलवरकडे. मग चेंजिंग रूमच्या मागे, जिथली भिंत चुलीच्या धुराने काळी झाली होती. ती भिंत मी रोज बघत होते, पण ती काळी दिसते हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

“बगळा मासा चुल्हावर नई रांधत, बेटा,” आबा म्हणाले.

माझे कान गरम झाले. मास्क होता ते बरं.

दिलवर म्हणाला, “आबा, मीच खाल्ले. मॅडमचं काही नाही.”

आबा काठावर खाली बसले. मग म्हणाले, “माले भूक लागनी तं मी घर जास. तू कथा जाशी, हाई मी इचारंच नई.” ते उठले आणि धोतर झटकलं. “उद्यापाइन तुन्हा डबा मन्हा घरथून येई. दोन्ही येळ. आते मासा मरू दिशी का? ट्रॉली काढ.”

ट्रॉली निघाली. दिलवर आणि आबा मागे ड्रमजवळ बसले, एका हाताने ड्रम धरून. मी आणि सलीमचाचा गेटपर्यंत चालत गेलो. मी विचारलं, “आबांना आधीपासून माहीत होतं का?”

“मेरे को क्या मालूम,” चाचा म्हणाले. “मैं पंपवाला.”

संक्रांतीला पार्क उघडलं. गर्दी बेताचीच होती, सगळे मास्क हातात धरून लाटांमध्ये उभे राहिले. पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. दिलवर उंच खुर्चीवर शिट्टी गळ्यात घालून बसला होता आणि खाली त्याचा स्टीलचा डबा होता. त्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर असे. तो ते नीट संपवायचा. माशांबद्दल कोणी काही बोललं नाही. आबा मात्र संध्याकाळी कधीकधी सवयीने कणकेच्या गोळ्या घेऊन काठावर यायचे, निळ्या पाण्याकडे बघायचे आणि गोळ्या तशाच परत न्यायचे.

काही आठवड्यांनी निर्बंध पुन्हा आले आणि पार्क पुन्हा बंद झालं. या वेळी माझ्याकडून एक नवी पद्धत सुरू झाली. पूलचं पाणी, पंप, क्लोरीनचा साठा हे सगळं बघायच्या आधी, मागे राहणारा प्रत्येक माणूस दोन्ही वेळ काय जेवणार हे विचारायचं. ते गेस्ट रिलेशन्समध्ये येतं की नाही, मला अजून माहीत नाही. तहसील कचेरीला मात्र मी ते विचारायला गेले नाही.