आचाऱ्याच्या डोक्यावरचा रफार

डोंबिवलीत मानपाड्याला, घरातल्याच एका खोलीत मी छपाईसाठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. गेल्या वर्षी आंबिवलीच्या एका काकांचं पुस्तक आलं. काकांनी जन्मभर लग्नांचे स्वयंपाक केले आणि सत्तरी उलटल्यावर वहीत आठवणी लिहून काढल्या. नाव दिलं, 'आचाऱ्याचा झारा'.

मी एक झोकदार फॉन्ट निवडला आणि तिथेच घात झाला. त्यात 'ऱ्या' उमटेचना. पाय मोडलेला र एकीकडे, या दुसरीकडे. छापखान्याची घाई होती. म्हटलं, कुणाला कळतंय! सगळीकडे सरळ रफार देऊन टाकला, पुस्तकभर, एका झटक्यात. अक्कल गहाण ठेवलेली, दुसरं काय!

नमुना प्रत बघायला काका घरी आले. चष्मा पुसून त्यांनी मुखपृष्ठ वाचलं.

"ताई, हे आचार्य कोण?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी प्रत मिटून माझ्यापुढे सरकवली. "मांडवात जन्मभर लोकांनी 'ए आचारी' म्हणून हाक मारली. वाटलं, निदान पुस्तकावर तो शब्द मानानं येईल. तोच तुम्ही पुसलात. असं असेल तर नका छापू."

चहाही न घेता गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रकाशन आठ दिवसांवर आलेलं. मी फॉन्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर उघडलं. इतकी वर्षं त्यात फॉन्ट नुसते कोंबत आले होते, माळ्यावर भांडी टाकावीत तसे. नमुन्याच्या चौकटीत एकच ओळ टाइप केली: 'आचाऱ्याने दऱ्याखोऱ्यांतल्या वऱ्हाडाला वाढलं.' झालं! तीच ओळ प्रत्येक फॉन्टात दिसायला लागली आणि एकेकाचं पितळ उघडं पडलं. ह्याचा ऱ्हा फुटका, त्याचा ऱ्या गायब, तिसऱ्याचा ल हिंदी वळणाचा. चल, फूट! एकेक बंद करत गेले. उरले फक्त चार. त्यातला एक मी 'सरकारी पत्रकाचा' म्हणून कायम हिणवलेला. साधा, भरदार. पण त्यात तो ऱ्या असा डौलात बसलेला, की मी एकटीच ओरडले, "अरे, जमलं की रे!"

मग वही शेजारी ठेवून एकेक शब्द हातानं दुरुस्त केला. पुन्हा झटक्यात बदलायची सोय नव्हती, नाहीतर लग्नकार्याचं लग्नकाऱ्य झालं असतं. नवी प्रत घेऊन मी स्वतः आंबिवलीला गेले. काकांनी नावावरून बोट फिरवलं आणि आत बघून म्हणाले, "अगं, ताईंना चहा टाक."

प्रकाशनाच्या दिवशी कल्याणच्या हॉलमध्ये निवेदक भलताच रंगात आलेला. "आपले आदरणीय आचार्य..." त्यानं सुरुवात केली. काकांनी त्याच्या हातातला माइकच घेतला आणि पुस्तक उंच धरलं.

"नीट वाचा. आचारी!"

टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतून कुणीतरी जुन्या सवयीनं ओरडलं, "ए आचारी!"

आणि काकांनी छाती काढून, माइकवरून, ओ दिली.