एका फळीवरचे तिघे

गोव्यात, पेडण्याकडच्या मोपाच्या सड्याखालच्या, म्हणजे उंच माळाखालच्या वाडीत सगुण कांबळी नावाचा माणूस राहायचा. खनिजाच्या बार्जवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीवर, खलाशी होता. पाळीच्या खाणीवरचा माल ट्रकांनी डिचोलीतल्या धक्क्यावर यायचा, तिथं बार्जमध्ये ओतला जायचा आणि मांडवीतून खाली उतरून वास्कोकडे, मुरगावच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजांकडे जायचा. सगुणचं अर्धं आयुष्य त्या तांबड्या धुळीत गेलं. त्याची बायको रुक्मिणी त्याचे कपडे वेगळे धुवायची, नाहीतर घरातल्या सगळ्यांचे कपडे तांबडे व्हायचे.

देवाच्या बाबतीत म्हणाल तर सगुण चारचौघांसारखा होता. जत्रेला जायचा, रवळनाथासमोर गाऱ्हाणं चाललं की हात जोडून उभा राहायचा आणि घरी येऊन जेवायचा. देवाला कधी काही मोठं मागितलं नाही आणि देवानंही आपण होऊन काही दिलं नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्याच्या अखेरीस त्याची बार्ज भरल्या मालानिशी मांडवीच्या मुखाशी आली, तेव्हा दुपारी आभाळ अचानक फिरलं. आग्वादच्या किल्ल्यासमोर एक लाट आडवी आली, तिच्यामागून दुसरी. खनिजानं भरलेली बार्ज कलंडत बसत नाही, दगडासारखी खाली जाते. पुढच्या अंगाला जे होते त्यांना मागून येणाऱ्या बार्जनं दोर टाकून ओढून घेतलं. इंजिनाकडे तिघं राहिले: सगुण, इंजिन सांभाळणारा इनास आणि सतीश नावाचा दुसरा खलाशी. धक्क्यावर उतरायची लाकडी फळी पाण्यावर आली, ती तिघांच्या हाताला लागली.

इनास मयेचा ख्रिस्ती, वयानं सगुणच्याच बरोबरीचा. दोघं कित्येक वर्षं एका डब्यातलं जेवत आले होते. सतीश सावंतवाडीकडचा. बायको नंदा आणि तान्ह्या मुलीला घेऊन पाळीला भाड्याच्या खोलीत राहायचा.

लाटा डोक्यावरून जात होत्या. पाऊस असा की किनारा कुठल्या बाजूला ते कळेना. सगुणच्या हातातलं बळ संपत आलं. आता सुटतंय, असं वाटलं आणि त्याच वेळी त्याला रवळनाथ दिसला. देवळात असतो तसा नव्हे. चांदीचा मुखवटा नव्हता, फुलं नव्हती. पण तो रवळनाथच, यात तिळमात्र शंका नव्हती. आपल्या आईला अंधारातही ओळखावं तसं सगुणनं त्याला ओळखलं. देव पाण्यावर उभा होता आणि एवढंच म्हणाला, "धर." सगुणच्या छातीत ऊब भरली. भीती गेली. त्यानं फळी घट्ट धरली.

त्यानंतर थोड्याच वेळानं सतीश हसला. त्या पाण्यात, त्या वाऱ्यात चक्क हसला. "सगुणदादा, रवळनाथ इलो बघ," तो म्हणाला. "हात दी म्हणता."

आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

सगुणनं त्याच्या सदऱ्याला हात घातला. चिमटीत कापड आलं आणि गेलं. संध्याकाळी मासेमारीच्या एका होडीनं दोघांना उचललं. सतीश मिळाला तो दोन दिवसांनी, कांदोळीच्या वाळूवर.

पणजीच्या इस्पितळात सगुण आणि इनासच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. इनास जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, बघत पडलेला असायचा. एका सकाळी तो म्हणाला, "सगुण, एक सांगू? थंय म्हाका सायबीण दिसली."

सायबीण म्हणजे त्यांची माय, मेरी. सगुण उठून बसला. मग त्यानंही आपलं सांगितलं. दोघांचं जुळत गेलं. छातीतली ऊब जुळली, भीती गेली तेही जुळलं. इनासच्या सायबिणीनंही 'धर' असंच म्हटलं होतं.

"मग दोगांय एकदमच आयलीं आसतलीं," इनास म्हणाला. सगुणला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. सतीशचं मात्र कोणीच बोललं नाही.

गावी परतल्यावर लोक सगुणला बघायला येऊ लागले. देवस्थानचे अध्यक्ष रामचंद्र शेट स्वतः घरी आले आणि त्याला देवळात घेऊन गेले. सभामंडपात गाव जमला होता. सगुणला बोलायची सवय नव्हती, पण त्यानं जसं झालं तसं सांगितलं. देव दिसला तिथं बायकांनी डोळ्यांना पदर लावला. पुढं तो म्हणाला, "मग सतीश म्हणालो—" तेवढ्यात रामचंद्र शेट पुढे झाले. "बस, बस. दमला असशील. एवढं पुरे." घंटा वाजली, प्रसाद वाटला गेला.

त्यानंतरही असंच होत राहिलं. ज्याला त्याला सगुण सगळं सांगायचा आणि जो तो अर्धंच ऐकून घेऊन जायचा. बायाबापड्या त्याच्या पायाला हात लावू लागल्या. रुक्मिणीला ते आवडायचं. सगुणला आधी संकोच वाटायचा, मग हळूहळू तोही सरला. खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटू लागलं होतं.

त्या डिसेंबरात भाषेवरून गोवा पेटला. रस्त्यात झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. कोकणी म्हणणारे एकीकडे, मराठी म्हणणारे एकीकडे, आणि भांडण भाषेचं असलं तरी बघता बघता लोक एकमेकांचे देवही मोजू लागले. रामचंद्र शेटांनी एका सभेत सगुणला कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं आणि लोकांना विचारलं, "आमचा देव खरा, याला आणखी काय पुरावा पाहिजे? जिवंत पुरावा समोर बसलाय!" टाळ्या पडल्या. तिकडे मयेत इनासलाही कोणी तरी लोकांपुढं उभं केलं होतं. सायबिणीनं आपल्या लेकराला तारलं आणि त्याच्याबरोबर एक हिंदूही तरला, असं तिथं सांगितलं गेलं. ही गोष्ट ट्रकवाल्यांच्या तोंडून सगुणच्या कानावर आली आणि त्याला झोंबली.

रस्ते मोकळे होऊन नव्या बार्जवर दोघं पुन्हा कामाला लागले, तेव्हा धक्क्यावर भेटले. डबे उघडले गेले, पण कोणी एकमेकांच्या डब्यात हात घातला नाही.

"मी तुझ्या सायबिणीमुळे वाचलो, असं सांगत फिरतंस?" सगुणनं विचारलं.

"हांवें तशें म्हणूंक ना. लोकांनी म्हळें."

"तू गप्प बसलंस मा?"

"आनी तूं? तूंय गप्पच बसलो न्ही तुज्या सभेंत?"

सगुणचा आवाज चढला. "अरे, माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय मी देवाला!"

"आनी म्हजे दोळे कोणाचे?"

"तू भ्यालेलंस. भ्यालेल्या माणसाला काय वाट्टेल ते दिसतं."

"तूं भियेल्लो नासलो?" इनास शांतपणे म्हणाला. मग डबा बंद करताना खालच्या आवाजात बोलला, "आनी सतीशाक कोण दिसलो रे, सगुण? तुजोच न्ही?"

त्या दिवसानंतर इनासनं दुसरी बार्ज मागून घेतली.

फेब्रुवारीत एका सकाळी सतीशची बायको नंदा सगुणच्या वाडीवर आली. पाळीहून बस बदलत बदलत आलेली, कडेवर मुलगी. रुक्मिणीनं चहा आणि उंडे, म्हणजे गोल पाव, पुढं ठेवले, तिनं मुलीला तुकडा भिजवून भरवला, स्वतः काही खाल्लं नाही.

"सगुणदादा, तुमका देव दिसलो म्हणतत लोक. आमच्या ह्येंका काय दिसला, ता माका कोण सांगणा नाय. तुम्ही खरा सांगा."

सगुणनं रुक्मिणीकडे पाहिलं. रुक्मिणीनं मान खाली घातली. मग त्यानं सगळं सांगितलं. हात वर केले तेही सांगितलं.

नंदानं मुलीच्या तोंडावरचा चहा पदरानं पुसला.

"देव एकच मा? तुमचो नि तेंचो?"

"एकच."

"मग तुमका 'धर' म्हटल्यान नि तेंका 'हात दी'?"

कोणी दुसऱ्यानं विचारलं असतं तर देवाची इच्छा असं म्हणून सगुण मोकळा झाला असता. सतीशच्या मुलीसमोर ते शब्द तोंडातून निघेनात.

"ते हसत गेले, असा म्हणालात."

"होय गे. तो भ्यालेलो नव्हतो. अगदी शांत होतो," सगुण घाईनं म्हणाला. निदान एवढं तरी हिला द्यावं, असं त्याला वाटलं.

नंदाचा चेहरा मात्र अधिकच उतरला. "हसले?" ती म्हणाली. "आमची आठवण नाय झाली तेंका? भ्याले असते तर धरून ऱ्हवले असते." मुलीला उचलून ती निघाली. रुक्मिणी पाणंदीपर्यंत मागं गेली, पण ती थांबली नाही.

त्या दिवसापासून सगुणची झोप गेली. देव दिसला नव्हता, भास झाला होता, असं मानता आलं असतं तर तो सुटला असता. पण तसं मानता येईना. दिसला होता. आजही डोळे मिटले की तसाच दिसत होता. पण सतीशलाही असाच, इतकाच खरा दिसला असणार. आणि इनासला सायबीण. तिघांच्या छातीत एकच ऊब. मग त्या उबेवरून कोणी काय ठरवायचं?

शिगम्याच्या सणात मांडावर, ढोल वाजतात त्या गावच्या मोकळ्या जागेवर, गाव जमला, तेव्हा रामचंद्र शेटांनी नेहमीप्रमाणे त्याला पुढं बोलावलं. सगुण उभा राहिला आणि या वेळी त्यानं शेवटापासून सुरुवात केली. आधी सतीशचं सांगितलं. शेट पुढं आले तेव्हा त्यांचा हात बाजूला करून म्हणाला, "माका देव दिसलो, ही गोष्ट माझी. ती कोणाच्या देवाला खोटं पाडायला वापरू नका. ती वापरली तर सतीशचीही वापरावी लागेल."

ढोल थांबलेले होते. कोणी तरी मागून म्हणालं, "डोक्यावर परिणाम झालाय." शेट कपाळाला आठी घालून म्हणाले, "देवानं वाचवलं त्या देवाशी बेइमानी करतोस?" सगुण खाली बसला. पुन्हा ढोल सुरू झाले.

पाया पडायला येणारी माणसं यायची थांबली. पुढच्या गाऱ्हाण्याच्या वेळी त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. रुक्मिणी चिडली, रडली, मग तिनं तो विषयच सोडला. "तुमका गप्प बसायला काय होत होतं?" एवढंच ती अधूनमधून म्हणायची.

मे महिन्यात गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. पणजीत रोषणाई होती. त्याच दिवशी सगुण बसनं वास्कोला गेला. इनास आता बंदरात कामाला लागला होता. रेल्वेच्या रुळांपलीकडे त्याची खोली होती. दार उघडून इनासनं त्याला आत घेतलं. दोघं म्हातारे दिसत होते, वय नव्हतं तरी.

"मी तुला भ्यालेलो म्हटलं, ते चुकलं," सगुण म्हणाला.

इनासनं मान हलवली. "म्हाका दिसली ती खरीच, सगुण. तें हांव सोडचों ना."

"मीही सोडणार नाय."

"मग?"

"मग काय, ते मला कळत नाय."

शेवटी सगुणनंच विचारलं, नंदाकडे जायचं का. दुसऱ्या दिवशी दोघं पाळीला पोचले. त्या खोलीत बेळगावकडचं एक कामगार कुटुंब राहत होतं. आधीची बाई मुलीला घेऊन माहेरी गेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गाव कोणतं ते ठाऊक नव्हतं.

दोघं रस्त्यावर येऊन थांबले. खनिजाचे ट्रक एकामागोमाग जात होते, धूळ बसायला उसंत नव्हती. वास्कोकडची बस आधी आली, इनास चढला. सगुण पेडण्याच्या बाजूला जाणाऱ्या बसची वाट बघत तिथंच उभा राहिला.